ठरलं होतं ते द्या : ऑगस्ट विल्सन आणि एका शतकाचा हिशेब



इतिहासाच्या व्याख्यानमालेत नाटककाराचं काय काम, असं इथे आल्याआल्या मला दोघा-तिघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर एका वाक्यात देता येईल, पण ते शेवटी देतो. आधी एक गोष्ट सांगतो. ती आहे एका वॉशिंग मशीनची.

दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. पेनसिल्वेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहरात डेझी विल्सन नावाची एक कृष्णवर्णीय बाई राहत होती. लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची आणि घरी येऊन पोरांचे कपडे हाताने घासायची. रेडिओवर एक स्पर्धा लागली. प्रश्नाचं बरोबर उत्तर जो आधी कळवेल त्याला नवंकोरं वॉशिंग मशीन. डेझीला उत्तर ठाऊक होतं, तिने ते कळवलं आणि ती जिंकली. पुढे विजेती काळी आहे हे बक्षीस देणाऱ्यांच्या लक्षात आलं. मग नव्या मशीनऐवजी तिला एक चिठ्ठी देऊ केली गेली : अमुक धर्मादाय संस्थेच्या दुकानात जा आणि तिथून एक वापरलेलं मशीन घे. ओळखीच्या बायकांनी समजावलं, अगं, काहीच नसण्यापेक्षा जुनं काय वाईट? डेझीने ते घेतलं नाही. पै-पै साठवून नवं मशीन विकत घेईपर्यंत ती कपडे हातानेच धूत राहिली.

ही गोष्ट तिचा मुलगा आयुष्यभर सांगत राहिला. त्या मुलाचं नाव ऑगस्ट विल्सन. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकन रंगभूमीवरचं फार मोठं नाव. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की विल्सन यांनी लिहिलेल्या दहा नाटकांमध्ये हे वॉशिंग मशीन पुन्हा पुन्हा येतं. कधी ते पियानो होतं, कधी एक घर, कधी गाण्याचे पैसे. ठरलं होतं काय, आणि हातात पडलं काय, हा प्रश्न मात्र तोच राहतो.

आता जरा मागे जाऊ. डेझी पिट्सबर्गला कशी आली? तिचं घराणं मूळचं नॉर्थ कॅरोलायनाचं. साधारण १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्यं सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. इतिहासकार याला ‘महास्थलांतर’ म्हणतात. १८६५ साली गुलामी कायद्याने संपली, पण दक्षिणेत अर्धेलीची शेती, कर्ज, झुंडीच्या हत्या आणि मतदानाला बंदी हे सगळं चालूच होतं. उत्तरेत कारखाने होते. पिट्सबर्ग म्हणजे पोलाद. तिथल्या भट्ट्यांना माणसं लागत होती. ही माणसं येऊन राहिली ती शहराच्या मध्यभागाला लागून असलेल्या चढावरच्या वस्तीत. तिचं नाव हिल डिस्ट्रिक्ट, लोकांच्या तोंडी नुसतं ‘द हिल’. त्याच वस्तीत ज्यू, इटालियन, सीरियन अशीही बिऱ्हाडं होती. जॅझचे क्लब होते, ‘पिट्सबर्ग कुरिअर’सारखं देशभर वाचलं जाणारं कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र होतं, बेसबॉलचा स्वतंत्र संघ होता. स्वतंत्र अशासाठी, की गोऱ्यांच्या संघांत काळ्या खेळाडूंना १९४७ पर्यंत जागा नव्हती.

या हिलमध्ये, बेडफर्ड ॲव्हेन्यूवरच्या १७२७ क्रमांकाच्या घरात, २७ एप्रिल १९४५ रोजी मुलगा जन्मला. नाव फ्रेडरिक ऑगस्ट किटेल, वडिलांचंच नाव पुढे चालवलेलं. वडील जर्मन, बेकरीत काम करणारे, गोरे, आणि घरी असण्यापेक्षा नसण्याबद्दलच जास्त लक्षात राहिलेले. घर म्हणजे एका वाणसामानाच्या दुकानामागच्या खोल्या. सहा भावंडांत हा चौथा. आईने त्याला चार वर्षांचा असतानाच वाचायला शिकवलं.

शाळेचा अनुभव मात्र वाईट. एका शाळेत तो एकटाच काळा मुलगा होता. बाकावर रोज चिठ्ठी ठेवलेली असायची, त्यात काय लिहिलेलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. ती शाळा सुटली, दुसरीही सुटली. तिसऱ्या शाळेत, पंधराव्या वर्षी, त्याने नेपोलियनवर वीस पानांचा निबंध लिहिला. शिक्षकांना वाटलं, हा त्याने लिहिलेला असणं शक्य नाही. तूच लिहिलास हे सिद्ध कर, असं ते म्हणाले. पोराने निबंध कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि तो शाळेबाहेर पडला. पुढचे काही दिवस तो मुख्याध्यापकांच्या खिडकीखाली चेंडू खेळत राहिला, कुणीतरी विचारील की बाबा, तू वर्गात का नाहीस. कुणी विचारलं नाही.

आईला सांगायची सोय नव्हती. म्हणून तो रोज सकाळी शाळेच्या वेळेला घरातून निघायचा आणि कार्नेगी लायब्ररीत जाऊन बसायचा. त्या वाचनालयात कृष्णवर्णीय लेखकांच्या पुस्तकांचा एक छोटा कप्पा होता, सुमारे तीस पुस्तकांचा. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, लँग्स्टन ह्यूझ ही नावं त्याला तिथे भेटली. आपल्यासारखी माणसं पुस्तकं लिहितात, हा शोध त्याला त्या कप्प्याने लावून दिला. कितीतरी वर्षांनी याच वाचनालयाने त्यांना सन्मान म्हणून शालान्त पदविका दिली. वाचनालयाने अशी पदविका दिल्याचं दुसरं उदाहरण नाही. विल्सन यांना पुढे पुष्कळ पदव्या मिळाल्या, पण शिक्षण कुठे झालं या प्रश्नाचं खरं उत्तर याच कागदावर आहे.

मग एक वर्ष सैन्यात, मग स्वयंपाकी, माळी, हमाल, भांडी घासणारा, असं जे मिळेल ते काम. १९६५ हे वर्ष मात्र लक्षात ठेवा. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. वडील वारले, आणि त्याने वडिलांचं नाव उतरवून आईचं माहेरचं आडनाव लावलं. फ्रेडरिक किटेलचा ऑगस्ट विल्सन झाला. दुसरं, बहिणीला कॉलेजसाठी एक निबंध लिहून दिला, तिने वीस डॉलर दिले, त्यातून जुना टाइपरायटर आला. तिसरं, पाच-पाच सेंटला जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या एका दुकानातून त्याने बेसी स्मिथ या ब्लूज गायिकेची रेकॉर्ड उचलली. घरी येऊन ती एकदा वाजवली, पुन्हा वाजवली. विल्सन सांगत की त्यांनी ती एका बैठकीत बावीस वेळा ऐकली. त्यांना काय सापडलं? ज्या म्हाताऱ्या भाडेकरूंना ते रोज जिन्यात ओलांडून जात होते, त्यांच्या बोलण्यात एक अख्खं जग आहे, विचार आहे, इतिहास आहे. ब्लूज म्हणजे नुसती रडकी गाणी नव्हेत. ज्यांना लिहू-वाचू दिलं नाही, त्या लोकांनी आपली बखर गाण्यात ठेवलेली आहे. आपल्याला ओव्या आणि पोवाडे माहीत आहेत, तेव्हा हे फार समजावून सांगायला नको.

साठच्या दशकाचा उत्तरार्ध हा ‘ब्लॅक पॉवर’चा काळ. गोऱ्यांच्या समाजात सामावून घ्या, एवढी विनंती पुरे झाली. आमची संस्था, आमची भाषा, आमचं सौंदर्यशास्त्र आम्ही उभं करू, असं म्हणणारी पिढी पुढे आली. १९६८ मध्ये विल्सन यांनी कवी-नाटककार मित्र रॉब पेनी यांच्याबरोबर हिलमध्येच ‘ब्लॅक होरायझन थिएटर’ सुरू केलं. नाटक कसं बसवायचं हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. विल्सन यांनी दिग्दर्शनाची माहिती वाचनालयातल्या पुस्तकातून काढली. इथे आपला धागा जुळतो. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ चा, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचा. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तेच नाव घेऊन. म्हणजे ज्या वाऱ्याने पिट्सबर्गमधल्या एका तरुण कवीला हलवलं, तोच वारा कामाठीपुऱ्यातल्या आणि वडाळ्यातल्या तरुणांपर्यंत पोचलेला होता. आमची गोष्ट आम्हीच सांगू, हे वाक्य दोन्हीकडे एकाच दशकात उच्चारलं जात होतं. यापलीकडे मी तुलना ताणणार नाही. जात आणि वंश हे दोन वेगळे रोग आहेत.

१९७८ मध्ये विल्सन मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलला राहायला गेले. तिथल्या विज्ञान संग्रहालयासाठी छोट्या नाटिका लिहिण्याचं काम मिळालं. सेंट पॉलमध्ये त्या काळी काळी वस्ती अगदी थोडी. आणि गंमत बघा, हिल सोडल्यावर त्यांना हिल ऐकू यायला लागली. तोवर ते आपल्या पात्रांच्या तोंडी पुस्तकी, सजवलेली भाषा घालत होते. आता लांबून त्या म्हाताऱ्यांचे आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागले, आणि या भाषेला सजवायची गरज नाही हे कळलं. १९७९ मध्ये ‘जिटनी’ हे नाटक त्यांनी एका फिश अँड चिप्सच्या दुकानात बसून दहा दिवसांत लिहिलं. जिटनी म्हणजे बिनपरवान्याची टॅक्सी. परवान्याच्या टॅक्स्या हिलमध्ये यायच्या नाहीत, म्हणून लोकांनी आपली सोय आपण केली होती.

कनेक्टिकटमध्ये युजीन ओनील यांच्या नावाचं एक नाट्यकेंद्र आहे. नव्या नाटककारांची संहिता तिथे दर उन्हाळ्यात तपासली-वाचली जाते. विल्सन यांची नाटकं तिथून अनेकदा परत आली. १९८२ मध्ये ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ स्वीकारलं गेलं. तिथल्या या उपक्रमाचे प्रमुख होते लॉइड रिचर्ड्स. १९५९ मध्ये ‘अ रेझिन इन द सन’ बसवून ब्रॉडवेवर दिग्दर्शन करणारे पहिले कृष्णवर्णीय, आणि आता येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेचे अधिष्ठाता. एकाला लिहायचं कळत होतं, दुसऱ्याला रंगमंच कळत होता. पुढची सहा नाटकं ब्रॉडवेवर रिचर्ड्स यांच्याच दिग्दर्शनात आली. पद्धतही त्यांनी बसवली : नाटक आधी येलला, मग वेगवेगळ्या शहरांतल्या नाट्यसंस्थांत, प्रत्येक मुक्कामी काटछाट आणि पुनर्लेखन, आणि शेवटी न्यूयॉर्क. ‘मा रेनी’ ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्रॉडवेवर आलं. विल्सन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. आई डेझी आदल्याच वर्षी वारली होती.

त्यानंतर लेखकाच्या लक्षात आलं की आपण एकेका दशकावर नाटक लिहीत चाललो आहोत. मग ठरवूनच टाकलं : विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकाचं एक, अशी दहा. लिहिली मात्र क्रमाने नाहीत. काळाच्या क्रमाने लावली तर १९०४ पासून १९९७ पर्यंतचा पट होतो. ‘मा रेनी’ शिकागोत घडतं, बाकीची नऊ पिट्सबर्गच्या हिलमध्ये. या नाटकांत राष्ट्राध्यक्ष नाहीत, मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण नाही, बर्मिंगहॅमचा मोर्चा नाही. परसदार आहे, स्वयंपाकघर आहे, टॅक्सीचा अड्डा आहे, खानावळ आहे. इतिहास बाहेर घडतो, आणि आत त्याची बिलं येतात.

आता मघाच्या मुद्द्याकडे येतो. हिशेबाकडे.

‘मा रेनी’ घ्या. १९२७. मा रेनी ही खरोखर होऊन गेलेली मोठी ब्लूज गायिका. नाटकात ती रेकॉर्डिंगला येते, आणि कागदावर सही करण्याआधी आपल्या अटी पुऱ्या करून घेते : थंड कोका-कोला हवा, तोतऱ्या भाच्याच्याच तोंडून सुरुवातीचे शब्द हवेत, आणि त्याला त्याचे वेगळे पैसे हवेत. वरवर पाहिलं तर नखरे. पण तिला पक्कं ठाऊक आहे की सही होईपर्यंतच आपली किंमत आहे. आवाज एकदा तबकडीत गेला की आपण कुणी नाही. तिच्याच वाद्यवृंदातला तरुण लीव्ही मात्र स्वतःची गाणी गोऱ्या मालकाकडे विश्वासाने देतो. मालक त्याला गाण्यामागे पाच डॉलर टेकवतो. लीव्हीचा संताप मालकावर निघत नाही. बुटावर पाय पडला एवढ्या निमित्ताने तो आपल्याच सोबत्याला भोसकतो. हिशेब चुकता झाला, पण भलत्याच माणसाकडून. हे मला विल्सन यांचं सगळ्यात कठोर निरीक्षण वाटतं.

‘जो टर्नर्स कम अँड गॉन’, १९११. हेरल्ड लूमिस या माणसाला सात वर्षं बेकायदा वेठीला धरलेलं असतं. गुलामी संपून पन्नास वर्षं होत आलेली. दक्षिणेत कैद्यांचं श्रम भाड्याने देण्याची पद्धत होती, आणि माणसं कमी पडली की काळ्या माणसांना पकडून कैदी केलं जायचं. सात वर्षांची भरपाई कोण देणार?

‘द पियानो लेसन’, १९३६. एका घराण्यात एक पियानो आहे. गुलामीच्या काळात मालकाने बायकोला भेट म्हणून तो आणला, आणि त्याच्या बदल्यात या घराण्यातली एक बाई आणि तिचं पोर देऊन टाकलं. मागे राहिलेल्या नवऱ्याने पियानोच्या लाकडावर आपल्या माणसांचे चेहरे कोरले. पुढे नातवाने तो पळवून आणला आणि त्यात जीव गमावला. आता भाऊ म्हणतो, पियानो विकू आणि ज्या जमिनीवर आपले आजे-पणजे राबले तीच विकत घेऊ. बहीण म्हणते, यावर रक्त सांडलं आहे, हा विकायचा नाही. दोघंही बरोबर आहेत. वारसा जपायचा की मोडून भांडवल करायचं, असा तो वाद आहे. या नाटकाला १९९० चं पुलित्झर मिळालं.

त्याआधी १९८७ चं पुलित्झर ‘फेन्सेस’ला मिळालं होतं. ट्रॉय मॅक्सन हा उमेदीत उत्तम बेसबॉलपटू, पण काळ्यांना दार उघडलं तोवर त्याचं वय निघून गेलं. आता तो कचऱ्याच्या गाडीवर आहे. गाडी चालवणारे सगळे गोरे आणि कचरा उचलणारे सगळे काळे का, एवढा एक प्रश्न तो साहेबाला विचारतो, आणि अखेर चालक होतो. पण विल्सन त्याला नायक करून सोडत नाहीत. ज्या घराचा तो अभिमान मिरवतो, ते घर युद्धात डोक्याला जखम झालेल्या भावाच्या भरपाईच्या पैशातून उभं आहे. आणि आपल्यावर झालेला अन्याय हा बाप मुलाकडून वसूल करतो, त्याला खेळू देत नाही. ब्रॉडवेवर ट्रॉयची भूमिका जेम्स अर्ल जोन्स यांनी केली.

आणि ‘टू ट्रेन्स रनिंग’, १९६९. यात हॅमबोन नावाचा एक अर्धवट डोक्याचा माणूस आहे. त्याने एका गोऱ्या खाटकाचं कुंपण रंगवून दिलं. बोली काय, तर काम चांगलं झालं तर हॅम, म्हणजे डुकराची अख्खी मांडी. काम झाल्यावर खाटीक म्हणाला, कोंबडी घेऊन जा. हॅमबोनने ती घेतली नाही. त्यानंतर साडेनऊ वर्षं तो रोज सकाळी त्या दुकानासमोर उभा राहून आपलं हॅम मागतो. बाकी कुठलंच वाक्य त्याच्या तोंडी उरलेलं नाही. खानावळीतले लोक म्हणतात, वेडा आहे. एकजण मात्र म्हणतो, कदाचित आपल्या सगळ्यांत हाच शहाणा असेल. आपण कोंबडी घेतली आणि वाट पाहायचंही सोडून दिलं. हॅमबोन मरतो. मग स्टर्लिंग नावाचा एक तरुण खाटकाच्या दुकानाची काच फोडून, हात रक्ताळून, ते हॅम घेऊन येतो. त्याच्या शवपेटीत ठेवण्यासाठी.

डेझीचं मशीन तुम्हाला आठवलं असेलच.

त्याच नाटकात खानावळीचा मालक मेम्फिस आहे. त्याची इमारत शहर पाडणार आहे. त्याचा हट्ट : पंचवीस हजार डॉलर, आणि ते माझ्या अटींवर. इथे नाटकाबाहेर खरा इतिहास उभा आहे. १९५६ पासून पिट्सबर्ग शहराने ‘पुनर्विकास’ म्हणून हिलचा खालचा भाग जमीनदोस्त केला. सुमारे ९५ एकर, जवळपास १,३०० इमारती, आठ हजारांच्या आसपास माणसं आणि चारशेहून जास्त दुकानं-व्यवसाय. तिथे काय आलं? सिव्हिक अरीना नावाचं एक भव्य घुमटाकार सभागृह, १९६१ साली, आणि गाड्या लावायला मोकळ्या जागा. पन्नास वर्षांनी ते सभागृहही पाडलं. विल्सन अकरा वर्षांचे असताना ही तोडफोड सुरू झाली होती. ज्या वस्तीचं शतक त्यांनी लिहिलं, तिचा मोठा हिस्सा लिहायला बसले तेव्हा जागेवर नव्हताच.

म्हणूनच आंट एस्टर. ही विल्सन यांची सगळ्यात विलक्षण निर्मिती. वायली ॲव्हेन्यूवर १८३९ क्रमांकाच्या घरात एक म्हातारी राहते. लोक आपलं दुःख तिच्याकडे घेऊन जातात. १९०४ मध्ये घडणाऱ्या ‘जेम ऑफ द ओशन’ या नाटकात तिचं वय सांगितलंय २८५ वर्षं. आता वजाबाकी करा. १९०४ मधून २८५ गेले, उरले १६१९. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पहिले आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले ते याच वर्षी. म्हणजे ही बाई म्हणजे लोकांची स्मृती आहे. १९८५ च्या नाटकात, ‘किंग हेडली’मध्ये, ती मरते, ३६६ व्या वर्षी. आणि शेवटच्या ‘रेडिओ गोल्फ’ या नाटकात, १९९७ मध्ये, तिचं रिकामं घर पाडायला निघालेला बिल्डर स्वतः कृष्णवर्णीय आहे आणि महापौरपदाचा उमेदवारही. कागदपत्रं चाळताना त्याला कळतं की ते घर रीतसर लिलाव न होता आपल्या ताब्यात आलंय. आता हिशेब मागणारा आणि बुडवणारा एकाच समाजातला आहे. शतकाच्या शेवटी विल्सन तो प्रश्न स्वतःच्या माणसांकडे वळवतात. याला मी प्रामाणिकपणा म्हणतो.

आता त्यांच्या आयुष्यातल्या वादाकडे. २६ जून १९९६. प्रिन्स्टनमध्ये अमेरिकेतल्या नाट्यसंस्थांची राष्ट्रीय परिषद होती. विल्सन तोवर दोन पुलित्झर घेतलेले, सगळ्यांना हवेहवेसे. त्यांनी उभं राहून सांगितलं की देशातल्या प्रमुख प्रादेशिक नाट्यगृहांच्या संघटनेत ६६ संस्था आहेत आणि त्यातली कृष्णवर्णीयांची फक्त एक. गोऱ्यांच्या नाटकांत काळ्या नटांना भूमिका देऊन विविधता दाखवण्याची जी टूम निघाली आहे, ती आम्हाला नको. आम्हाला आमची नाट्यगृहं चालवायला पैसा द्या. माझ्या भाषेत सांगायचं तर : कोंबडी नको, हॅम द्या. समीक्षक आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रुस्टीन यांनी कडाडून विरोध केला. कला माणसाची असते, वर्णाची नाही, आणि हा नवा वेगळेपणा जुन्या विभक्तीसारखाच आहे, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दोघांचा जाहीर वाद झाला, सभागृह खच्चून भरलेलं होतं.

विल्सन यांच्या भूमिकेत विसंगती नव्हती का? होती. त्यांची स्वतःची नाटकं येलसारख्या गोऱ्यांच्याच संस्थांतून पुढे आली. त्यांचे वडील गोरे होते, हेही विरोधकांनी काढलं. यावर त्यांचं उत्तर असं की मी कोण हे आईच्या स्वयंपाकघरात ठरलं, तिथली भाषा, तिथलं अन्न, तिथली गाणी. मला हे उत्तर पटतं. पहिल्या आक्षेपाला मात्र सहज उत्तर नाही. कदाचित ती विसंगती हाच पुरावा होता : त्यांच्यासारख्यालाही दुसरं दार नव्हतं.

तत्त्वाची किंमत त्यांनी मोजली, हे खरं. ‘फेन्सेस’वर चित्रपट काढायचं ठरलं तेव्हा त्यांची अट होती, दिग्दर्शक काळाच हवा. मोठमोठी नावं चांगली आहेत हे मान्य, पण ही संस्कृती ज्याने आतून पाहिली आहे असा माणूस हवा. १९९० मध्ये त्यांनी तसं जाहीर लिहिलं. चित्रपट त्यांच्या हयातीत झालाच नाही. तो २०१६ मध्ये आला, डेन्झेल वॉशिंग्टन यांच्या दिग्दर्शनात. व्हायोला डेव्हिस यांना ऑस्कर मिळालं, आणि पटकथेसाठी विल्सन यांचं नामांकन झालं, मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. उलट बाजूही सांगतो. २००९ मध्ये ‘जो टर्नर’ ब्रॉडवेवर पुन्हा आलं ते बार्टलेट शेर या गोऱ्या दिग्दर्शकाने बसवलेलं, कुटुंबाच्या संमतीने. प्रयोगाची तारीफ झाली आणि वादही झाला. प्रयोग चांगला होता म्हणून प्रश्न मिटतो का? विचार करा.

२००५ च्या जून महिन्यात विल्सन यांना यकृताचा कर्करोग असल्याचं निष्पन्न झालं. ‘रेडिओ गोल्फ’चा येलमधला प्रयोग त्याच वर्षीचा. दहावं नाटक पुरं झालं आणि २ ऑक्टोबर २००५ रोजी सिएटलमध्ये, साठाव्या वर्षी, ते गेले. दोन आठवड्यांनी ब्रॉडवेवरच्या एका नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. कृष्णवर्णीय माणसाचं नाव लाभलेलं ते ब्रॉडवेवरचं पहिलं नाट्यगृह. पिट्सबर्गमध्ये त्यांच्या नावाने मोठं सांस्कृतिक केंद्र २००९ मध्ये उघडलं, आणि काही वर्षांतच कर्जात बुडून जप्तीपर्यंत गेलं. स्थानिक न्यासांनी ते वाचवलं. पैसा कोण देणार, हा प्रिन्स्टनमधला प्रश्न त्यांच्या नावाच्या इमारतीलाही चुकला नाही. बेडफर्ड ॲव्हेन्यूवरचं पडकं घर मात्र दुरुस्त झालं आणि २०२२ मध्ये कलाकेंद्र म्हणून खुलं झालं.

तर, इतिहासाच्या व्याख्यानमालेत नाटककार कशाला? पिट्सबर्ग महापालिकेच्या दप्तरात १,३०० इमारतींची नोंद सापडेल. किती भरपाई दिली तेही सापडेल. पण ती भरपाई घेताना माणसाच्या मनात काय ठरलेलं होतं आणि त्याच्या हातात काय पडलं, ही नोंद कुठल्या दप्तरात ठेवतात? ती ठेवायला एका शाळा सोडलेल्या पोराने दहा वह्या केल्या. आपल्याकडच्या कुठल्या वस्तीच्या अशा वह्या अजून कोऱ्या आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

 आता प्रश्न विचारा.